फाळक्यावरचे बगळे

शिरूरमध्ये मला नवनाथ पेंटर म्हणतात. पण न्हावऱ्याच्या पुढं, चौफुला, केडगाव, थेट दौंडपर्यंत शेतकरी मला बगळेवाला पेंटर म्हणून ओळखतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा पत्रा असतो, त्याला फाळका म्हणतात. त्यावर मालकाचं नाव आणि नावाच्या उजव्या अंगाला दोन पांढरे बगळे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नवनाथ पेंटर, शिरूर'. अशा दोनशेच्या वर ट्रॉल्या या भागात फिरल्या असतील.

त्यातला एकही बगळा मी काढलेला नाही. सगळे माझी बायको सिंधू काढायची. हे मी पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळ आली तेव्हा तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

पहिले बगळे निघाले ते हौसरावांच्या ट्रॉलीवर. केडगावच्या अलीकडं त्यांची वस्ती आहे. त्यांना फाळक्यावर वर 'श्री फिरंगाई माता प्रसन्न' आणि खाली 'हौसराव व मच्छिंद्र' असं दोघा भावांचं नाव हवं होतं. दसऱ्याला पूजा करून ट्रॉली न्यायची होती. आदल्या दिवशी दुपारी माझं 'हौसराव' लिहून झालं आणि त्यांचा फोन आला. "पेंटर, मच्छिंद्रचं नाव टाकू नका. आमची वाटणी झाली."

अर्धा फाळका रिकामा राहिला. नाव मधोमध घ्यायचं तर सगळा पत्रा पुन्हा लाल मारावा लागणार, आणि तो सकाळपर्यंत वाळणार नाही. मी डोकं धरून चहाला गेलो. सिंधू माझ्याबरोबर कामाला असायची. मी खडूनं अक्षराची कड काढायची, तिनं आत रंग भरायचा, अशी आमची पद्धत होती. चहा पिऊन आलो तर मच्छिंद्रच्या जागेवर दोन बगळे उभे होते. एक मान वर करून, एक मान खाली घालून. पाच-सहा फटकाऱ्यांतच काढलेले, पण आता चालायला लागतील असे.

"हे काय?" मी विचारलं.

"नांगराच्या मागं फिरतात ते," ती म्हणाली. "पुसू का?"

मी बराच वेळ बघत राहिलो. पुस म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी हौसराव आले. फाळक्यासमोर उभे राहिले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पेंटर, काय बगळे काढलेत राव." सिंधू शेजारी उभी राहून ब्रश धूत होती. मी म्हणालो, "जमलं थोडंफार."

तेवढंच म्हणालो होतो. पुढं पंधरा वर्षं तेच म्हणत राहिलो.

एकदा केडगावात ट्रॅक्टरवाल्या डीलरच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. माइकवरच्या माणसानं सांगितलं, यांच्या हातात बगळे जिवंत होतात. मला शाल आणि नारळ दिला. सिंधू चौथ्या रांगेत खुर्चीवर बसली होती. गाडीवरून परत येताना न्हावऱ्याला चहाला थांबलो. ती आता काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं शाल चाचपून बघितली आणि म्हणाली, "जाड हाय. थंडीत कामाला येईल." पुण्याला दवाखान्यात अठरा दिवस होती, तेव्हा तिच्या पायावर तीच शाल होती.

ती गेल्यावर मी ब्रश धरला नव्हता. तसंही काम कमी झालं होतं. नाव लिहायला लोक फ्लेक्सवाल्याकडं नाहीतर रेडियमवाल्याकडं जातात. मी न्हावरा रोडच्या सत्यजीतच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉल्यांना स्प्रेनं बेस मारून देत होतो. सत्यजीत तिशीतला, ट्रॉल्या बनवतो, मला मामा म्हणतो. तिथंच एक दिवस हौसराव आले.

"वैनींचं कळलं. लई वाईट झालं," ते म्हणाले. मग नव्या ट्रॉलीकडं बोट केलं. "ही आपली हाय. जुनीचा तळ सगळा सडून गेला. पन फाळका तसाच पायजे, पेंटर. बगळ्यासकट. घरनं बजावून धाडलंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "दोन आठवडे लागतील."

"लागू द्या. बगळे काय उडून चाललेत व्हय."

दुसऱ्या दिवसापासून मी वर्कशॉपमागं जुना पत्रा लाल करून सराव सुरू केला. मी सव्वीस वर्षं ब्रश धरलाय. 'श्री' मी डोळे झाकून काढू शकतो. मला वाटलं होतं, पाच-सहा फटकारे तर आहेत. पहिल्या दिवशी जे निघालं त्याची मान हापशाच्या दांड्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी पोट सुटलं. मी मोबाईलवर बगळ्याचे फोटो बघून काढले, तर फोटोसारखे निघाले, पण मेलेले. सत्यजीत जाता-येता बघायचा आणि काही न बोलता पुढं जायचा. तो काही बोलत नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

रविवारी मुलगी आली. गौतमी कारेगावला राहते, कंपनीत क्वालिटीला आहे. तिनं पत्रा बघितला.

"पप्पा, ही बदकं कुणासाठी?"

"बगळे आहेत ते."

"आमच्या कंपनीत हे रिजेक्ट झाले असते," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून शेजारी बसली. "सांगून टाका ना हौसराव आबांना. आई काढायची म्हणून."

"आणि मग मी काय काढत होतो?"

"अक्षरं."

"अक्षरं कोण बघतंय, गौतमी? अक्षरं फ्लेक्सवाला अर्ध्या तासात छापून देतो. लोक यायचे ते बगळ्यांसाठी. ते माझे नव्हते म्हटल्यावर माझं काय राहिलं? रंगाचा डबा धरणारा माणूस."

तिनं मोबाईल काढला आणि विषय बदलला. पुढच्या महिन्यात सिंधूला वर्ष होत होतं. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. त्याचा फ्लेक्स गौतमीच्या ओळखीतल्या माणसानं करून पाठवला होता. 'कालकथित सिंधू नवनाथ' असं जांभळ्या रंगात, खाली कमळं, सगळीकडं चमचम.

"चालेल ना?" तिनं विचारलं.

"चालेल," मी म्हणालो. नाव नीट वाचलंही नाही. त्या अक्षरात सिंधूचं नाव वाचवत नव्हतं.

दहा दिवस झाले आणि माझा धीर सुटला. मी ठरवलं, हौसरावांची जुनी ट्रॉली अजून वस्तीवर आहे. तिथं जायचं, पातळ कागद लावून बगळे पेन्सिलीनं गिरवून आणायचे आणि नव्या फाळक्यावर तसेच उतरवायचे. शिकाऊ पोरं देवाची चित्रं उतरवतात तसे. सव्वीस वर्षांत मी कधी कुणाचं काही उतरवलं नव्हतं.

साखर कारखान्याची वार्षिक सभा होती, हौसराव तिकडं जाणार हे मला माहीत होतं. तोच दिवस धरला. सकाळी अकराला वस्तीवर पोचलो. गाडी लांब लावली. ट्रॉली गोठ्याच्या मागं लिंबाखाली उभी होती. लाल रंग उन्हानं विटकरी झाला होता, पण बगळे पांढरेच होते. मी कागद लावला, चिकटपट्टी मारली आणि वरच्या बगळ्याच्या चोचीपासून सुरुवात केली.

"कोन हाय तिकडं?"

हौसरावांच्या मंडळी, झुंबरबाई. हातात शेणाची पाटी.

"मी वैनी. पेंटर, शिरूरचा."

"आन् काय चाललंय?"

"माप घेतोय."

"मापाला कागद लागतो व्हय? मला वाटलं टेप लागते." त्या पाटी ठेवून जवळ आल्या. कागदावर वाकल्या, मग माझ्याकडं बघितलं. "सवताचेच बगळे छापून घ्यायला लागले का पेंटर?"

मी पेन्सिल खिशात घातली. मग सुचलं ते बोललो.

"वैनी, हे बगळे माझे नाहीत. सिंधूनं काढलेत. इथले, आणि बाकीचे सगळे. मला येत नाहीत."

"मंग?"

"मंग म्हणजे काय?"

"ते म्हाईत हाय की," झुंबरबाई म्हणाल्या.

मी ट्रॉलीच्या चाकाला टेकलो.

"दसऱ्याला पूजेचं ताट घेऊन मीच न्हवते का आले? तिच्या नखात पांढरा रंग. मी इचारलं, तर हसली. म्हनली, कुनाला सांगू नका, मालकास्नी अवघड व्हईल. म्हनून मी कुनाला सांगितलं न्हाई. फकस्त माझ्या जावंला सांगितलं. तिनं तिच्या भैनीला. गडी मानसं म्हनायची पेंटरचे बगळे, आमी बाया म्हनायचो सिंधूचे बगळे. लग्नाकार्यात भेटली की तिला गराडा पडायचा. आमच्या फाळक्यावर जरा मोठे काढ गं, म्हनून. तुमी तिकडं पंगतीत बसलेले असायचा."

मला आठवलं. लग्नात सिंधू बायकांच्या घोळक्यात असायची आणि हसत परत यायची. मी विचारायचो काय चाललं होतं. ती म्हणायची, बायकांचं असतंय काहीतरी.

पंधरा वर्षं मला वाटत होतं, मी तिचं तोंड दाबून ठेवलंय. आणि ती निम्म्या तालुक्यात आपलं आपण सांगून बसली होती. मला रडू यायला हवं होतं, पण आलं हसूच. झुंबरबाई पण हसल्या.

"तुम्ही तिला कधी म्हणाला नाही, नाव का टाकत नाहीस म्हणून?" मी विचारलं.

"म्हनले की. या आत, दावते काय ते."

त्यांच्या आतल्या खोलीत धान्याची पत्र्याची कोठी होती. त्यावरचं पोतं त्यांनी बाजूला केलं. कोठीच्या पत्र्यावर एक पांढरं पाखरू होतं. मान जाड, पोट सुटलेलं, एक पाय आखूड. माझं वर्कशॉपमागचं पाखरू कुणी इथं आणून ठेवलंय असं वाटलं.

"हे कुणी काढलं?"

"तिनंच. मी म्हनलं, ह्या कोठीवर काढ आन् खाली तुझं नाव टाक. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा हे निघालं. ब्रश ठेवून दिला आन् म्हनली, वैनी, नुसत्या पत्र्यावर मला येत न्हाई. आधी ह्यांचं अक्षर लागतंय. अक्षर उभं असलं की मला कळतंय पाखरू कुठं उभं करायचं, केवढं करायचं. मी म्हनलं, मंग पेंटरला घिऊन ये, माझं नाव लिव्हा कोठीवर. तर ते राहूनच गेलं."

मी परत ट्रॉलीपाशी गेलो आणि कागद काढून टाकला. कामाच्या नजरेनं पहिल्यांदा बघितलं. उभ्या बगळ्याचा पाय 'व'च्या कान्याएवढाच जाड होता, त्याच ब्रशच्या रुंदीचा. पाठ बरोबर शिरोरेघेच्या उंचीला. खाली वाकलेल्याची चोच जिथं टेकली होती, तिथं अक्षराचा तळ होता. तिनं सगळं माप माझ्याकडून घेतलं होतं. आणि मी? पहिल्या ट्रॉलीनंतर मी प्रत्येक नाव डावीकडं सरकवून लिहीत आलो होतो. शेवटचं अक्षर जरा आखूड धरायचो, म्हणजे उजवीकडं जागा राहील. कुणी सांगितलं नव्हतं. हातच तसा जायचा.

मग मी माझं 'हौसराव' बघितलं. पंधरा वर्षं उसाखाली, खताखाली, उन्हात. 'ह'चा पोटाचा बाक, 'स'ची गाठ. कुठं हललेलं नाही. चांगलं अक्षर होतं. ते मी काढलं होतं.

एवढ्यात हौसरावांची जीप आली. सभा लवकर आटोपली होती. मला बघून ते म्हणाले, "पेंटर, आज इकडं?"

"त्यांना बगळे येत न्हाईत," झुंबरबाईंनी एका दमात सांगून टाकलं. "ते सिंधू काढायची. मला पैल्यापासून म्हाईत हाय."

हौसराव माझ्याकडं वळले. मी मान हलवली. "खरं आहे आबा. मी चुकलो. पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"पंधरा वरीस माझ्या फाळक्यावर, आन् मलाच ठाव न्हाई?"

"तुमाला काय ठाव असतंय," झुंबरबाई म्हणाल्या. "मच्छिंद्रभावजी अजून म्हनत्यात, माझी जागा पाखरांनी खाल्ली."

"त्यो काय बी म्हनंल," हौसराव म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता. ते फाळक्याजवळ गेले, बगळ्यावरची धूळ बाहीनं पुसली. मग मला म्हणाले, "ते जाऊ द्या. त्या बाईनं केलं ते केलं, झ्याक केलं. पन आता बगळे आनायचे कुठनं?"

"आनायचे कशाला? हायेत की," झुंबरबाई म्हणाल्या. "फाळका तसाच पायजे म्हनून बजावलं हुतं, ते ह्योच फाळका. काढा आन् नव्या ट्रॉलीला बसवा. पत्रा धडधाकट हाय, तळ सडलाय."

आम्ही दोघं गडी मानसं एकमेकांकडं बघत राहिलो. दहा दिवस मी ज्यासाठी झोपलो नव्हतो, ते बाईनं शेणाची पाटी उचलता उचलता सोडवलं.

परत येताना न्हावऱ्याला थांबलो, त्याच टपरीवर. चहा घेतला, मग भजी मागवली. एक प्लेट संपली, दुसरी मागवली. अकरा महिन्यांत मला भूक लागल्याचं आठवत नव्हतं. टपरीवाला म्हणाला, "पेंटर, लई दिवसांनी." मी म्हणालो, "हो, लई दिवसांनी."

जुना फाळका दोन दिवसांनी वर्कशॉपला आला. सत्यजीतनं टेप लावली. "मामा, दोन इंच कमी पडतोय. बाजूनं पट्टी मारावी लागंल."

"मार. पट्टीला लाल मी देतो. बाकी कुठं हात लावायचा नाही."

त्यानं तो माझा सरावाचा पत्रा वर्कशॉपमागून आणला होता. "आन् ह्या बदकांचं काय करू?"

"तुलाही बदकंच वाटली का?"

"मी म्हटलं, नवीन काहीतरी काढताय. कशाला मधी बोला."

हौसरावांनी नव्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना नाव लिहायला सांगितलं होतं. या वेळी 'हौसराव व मच्छिंद्र' असं. ती दोन्ही नावं मी एका दिवसात लिहिली. सरळ रेघेसाठी खडूचा दोरा मारला, कड काढली, रंगही मीच भरला. भरताना ब्रश कडेबाहेर जात होता, सिंधूचा कधी जात नसे. दुसऱ्या बाजूला बरं जमलं.

सगळ्यात शेवटी जुना फाळका घेतला. कोपऱ्यातल्या 'नवनाथ पेंटर, शिरूर' वर लाल मारला. तो वाळेपर्यंत बसून राहिलो. सव्वीस वर्षं मी लोकांची नावं लिहिली. देवांची, पुढाऱ्यांची, दुकानांची, जयंतीच्या बोर्डावर सगळ्या वर्गणीदारांची. सिंधूचं नाव एकदाही लिहिलेलं नव्हतं. सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि वर लिहिलं, 'बगळे – सिंधू'. खाली लिहिलं, 'अक्षर – नवनाथ'. 'सिं'ची वेलांटी थोडी मोठी झाली. तशीच ठेवली.

हौसराव ट्रॉली न्यायला आले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या.

"शिरूर राह्यलं की," ते म्हणाले.

"राहू द्या. माहीत आहे सगळ्यांना."

ट्रॉली रस्त्याला लागल्यावर मी गौतमीला फोन लावला. ती शिफ्टवर होती, मागं मशीनचा आवाज येत होता.

"तो फ्लेक्स नको सांग त्यांना," मी म्हणालो. "आईचा बोर्ड मी लिहितो."

"पप्पा, जमेल?"

"नाव लिहायचंय. ते मला येतं."

मग म्हणाली, "आणि चित्र? आईचा फोटो, कमळ वगैरे?"

"काही नाही. डावीकडं नाव. उजवीकडं जागा सोडणार."

"रिकामं दिसेल."

"दिसू दे," मी म्हणालो, आणि निळा रंग आणायला बाजारात निघालो.